हातांना काय सांगायचं

९ ऑगस्ट

चिरंजीव बाळ्यास अनेक आशीर्वाद.

तुझे पैसे पोचले. आम्ही दोघं खुशाल. सूनबाईचा खोकला गेला का? माझे गुडघे कुरकुरतात, पण त्यांना विचारतंय कोण! बाबा वेळेवर जेवतात, रोज फिरायला जातात.

दुकान घेणारा माणूस तू शोधलास, बरं केलंस. ‘पैशाला आता कमी नाही, मग कशाला राबायचं? कात्री ठेवा, आराम करा,’ हे तुझं म्हणणं मलाही पटलं होतं. बाबांनी शटर ओढलं, त्या दिवशी मीच गोडाचं केलं.

फिरायला जातात हे अर्धंच खरं आहे रे. मंगळवारी मी त्यांच्या मागोमाग गेले. दुकानाचं शटर अर्धं वर होतं, आतून कात्रीचा आवाज येत होता. वाकून पाहिलं तर खुर्ची रिकामी. तिच्यावर पांढरं कापड पांघरलेलं, आणि बाबा हवेत कात्री चालवत म्हणत होते, “मास्तर, मान खाली. हलू नका, कान जाईल.” मास्तरांना जाऊन किती वर्षं झाली, तुला ठाऊक आहे. मग त्यांनी फरशी झाडली. केर भरायला एक केस नव्हता, तरी सुपली भरून बाहेर नेली.

हाक मारायचा धीर होईना. आत जाऊन गुपचूप खुर्चीत बसले. बाबांनी कापड झटकून माझ्या गळ्याशी बांधलं. आरशात माझ्याकडे पाहिलं, पण ओळख नाही.

“घाई नाही ना?” म्हणाले. “मुलगा म्हणतो, काम सोडा. पोरगा गुणी आहे हो. पण घरी बसलो की हातांना काय सांगायचं, कळत नाही. बायकोला बोलू नका हं. तिला वाटतं, मी सुखात आहे.”

मी मान हलवली.

“हलू नका,” म्हणाले.

उभ्या संसारात त्यांनी माझ्या केसांना कात्री लावली नव्हती. घरी पाण्याचा पेला धरताना थरथरणारा तो हात तिथे जरासुद्धा हलला नाही. मी डोळे मिटून रडले.

दुकान माझ्या नावावर आहे. विक्रीचे कागद सही न करताच परत पाठवते आहे. रागव हवं तर. दुकान गेलं तर हे कुठे जातील?

उद्या त्यांनी मला परत बोलावलंय. कापायला फारसं उरलं नाही, तरी जाऊन बसेन.

तुझ्या बाबांचं गिऱ्हाईक,
आई