आपण बघत नसतानाची चूल

प्रिय ताई,

तू असताना माझ्याकडून एक फोन होत नव्हता, आणि आता गेल्यावर सविस्तर पत्र! "पत्ता काय घातलास?" असं विचारशील. विचार. आज तुझं सगळं ऐकून घ्यायचं ठरवलंय.

निमित्त तुझ्या लेकाचं. निखिल सुट्टी काढून आलाय आणि इंदिरानगरचं घर आवरतोय. आज सकाळी मलाही हाताखाली बोलावलं. भांडी बांधून झाल्यावर टीव्हीखालचं गेमचं मशीन उचलून तो म्हणाला, "मामा, हे तुम्ही न्या. आईचा जुना खेळ उडवून देतो, म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून खेळता येईल."

उडवून देतो! तू त्यात राहत होतीस, हे त्या बिचाऱ्याला काय माहीत? मला तरी कुठे धड माहीत होतं? मी म्हटलं, थांब, आधी बघू दे.

निखिल परदेशी गेला तेव्हा मला वाटलं होतं, ते मशीन आता धूळ खाणार. तर साठी ओलांडलेल्या बाईनं रिमोट हातात धरला (शेवटपर्यंत तू त्याला रिमोटच म्हणालीस) आणि नदी, डोंगर, गावं असलेल्या त्या अवाढव्य खेळात जी शिरली ती शिरलीच. त्यात म्हणे कैदेतल्या राजाला सोडवायचं होतं. तू पहिल्या गावाच्या पुढे गेली नाहीस. राजाचं काय, असं विचारलं तर म्हणालीस, एव्हाना त्याला सवय झाली असेल.

आणि तुझी खेळ पारखायची तऱ्हा! दुसऱ्या एका खेळात केवढं शहर होतं, काचेच्या इमारती, हजारो माणसं. तू चहा निवायच्या आत बंद केलंस. कारण काय, तर भर बाजारात एकाला धक्का मारला आणि तो काही बोललाच नाही. "मेलेलं शहर आहे रे. आपल्या मेन रोडला लागू दे धक्का, सात पिढ्यांचा उद्धार करतील."

तुझ्या त्या गावात मात्र पाऊस आला की कोंबड्या उभ्या बैलगाडीखाली आडोशाला जायच्या. घाटावरची होडीवाली तुझी दोस्त झाली होती. मशीन बंद करण्याआधी तू घोडा छपराखाली बांधायचीस, होडीवालीला हात करायचीस, आणि टीव्हीला तोंडानं सांगायचीस, "येते हं." मी हसून हसून लोळलो होतो. मग त्यावर पेपरातल्या माझ्या सदरात लिहिलं: टीव्हीचा निरोप घेणाऱ्या एका काकू. लोकांना फार आवडलं. तुझा फोन आला, "काकू कोण रे? मी ताई आहे तुझी."

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. काहीतरी चुरचुरीतच दिलं असणार. माझ्याकडे दुसरं काही नसतंच.

पण खरी बोचते ती त्या खेळातल्या पाववालीची गोष्ट. एकदा तिचं दुकान बंद झाल्यावर तू तिच्या मागेमागे गेलीस. ती घरी गेली, चूल पेटवली, पुढ्यात बसली. तू केवढी हरखून मला सांगत होतीस! मग विचारलंस, "आपण बघत नसतो तेव्हाही पेटवत असेल का रे?"

मी म्हणजे सर्वज्ञ. लेक्चर दिलं. म्हटलं, मशीन फक्त समोर दिसतं तेवढंच उभं करतं. तू पाठ फिरवलीस की ती बाईही नाही आणि चूलही नाही. उगाच कशाला वीज जाळेल?

तू रिमोट मांडीवर ठेवलास. मग म्हणालीस, "म्हणजे तुझ्यासारखंच."

वाक्य झकास होतं, म्हणून मी हसलो. त्याचा अर्थ कळायला तुझं घर रिकामं व्हावं लागलं. मी पाठ फिरवली की तू नसायचीस, ताई. महिन्या-दोन महिन्यांनी उगवायचो. तू तिथेच, त्याच खुर्चीत, "चहा टाकू?" या त्याच वाक्यासह हजर असणार, अशी माझी खात्री होती. खेळातल्या दुकानदारासारखी! मधल्या दिवसांत तुझे गुडघे दुखायचे, गॅस संपायचा, तुला कुणाशी तरी बोलावंसं वाटायचं, हे मी उभंच केलं नाही. वीज वाचवली.

तुझ्याकडे यायच्या बोगद्यात ट्रॅफिक असतो, हे माझं ठरलेलं कारण. त्याच बोगद्यातून दर रविवारी मित्रांबरोबर मिसळ खायला येत होतो की! तुझ्या बिल्डिंगखालून जायचो. वर बघितलं असतं तर गॅलरीत दिसली असतीस. तू बघत होतीस का गं खाली? नको, सांगू नकोस.

शेवटच्या भेटीत मी चपला घालत म्हणालो, "चल, जातो." तू पडद्यावरची नजरही न काढता म्हणालीस, "येतो म्हण. आणि नाशिकरोडला आत्याकडे जाऊन ये एकदा, विचारते तुला." मी जिन्यातून ओरडलो, "हो गं, येतो काय, जातो काय, तेच ते." तेच ते नव्हतं. त्यानंतर मी आलो तो चौघांबरोबर.

तर आज निखिलनं तुझा खेळ सुरू केला. खेळात तू जी व्हायचीस ती धनुष्यवाली पोरगी तिच्या घरातच होती, घोडा छपराखाली. मी धडपडत तिला घाटावर नेलं. होडीवालीनं वर बघितलं आणि इंग्रजीत म्हणाली, "किती दिवसांनी गं! मला वाटलं, विसरलीस."

दोन-चार वाक्यांची बाई ती. तिला तुझी अनुपस्थिती जाणवली.

निखिलला पाववालीचं विचारलं. तो म्हणाला, "नाही मामा, या गेममध्ये गावाचं घड्याळ चालूच असतं. आपण कुठेही असलो तरी ती घरी जाते, चूल पेटवते."

पेटवत होती, ताई. तुझं बरोबर होतं. मी तुला चुकीचं सांगितलं, आणि तू ते खरं मानून गेलीस का? ते खोडून काढायला आता कुठे येऊ?

मशीन घरी आणलंय, तुझं काहीही न उडवता. राजाला मी सोडवणार नाही, सवय झालीय त्याला. घोडा उन्हात राहणार नाही, एवढं बघेन. आणि उद्या रविवार आहे. मिसळीला नाही म्हणून कळवलंय. सकाळीच नाशिकरोडला आत्याकडे जातोय. ऐकू कमी येतं तिला, म्हणजे माझे विनोद वायाच जाणार. बरंच आहे. बसेन. ती काय करते दिवसभर ते विचारेन, आणि त्यावर सदर लिहिणार नाही. निघताना काय म्हणायचं, ते आता पाठ आहे.

येतो,
तुझा बापू