संगणकावर फोडलेला नारळ

कुरवंडे

ती. दाजींना सीतारामचा साष्टांग नमस्कार.

शालनताईचा गुडघा आणि तुमची साखर, दोन्ही ताब्यात असतील अशी आशा आहे. आमच्याकडे सगळे खुशाल. तुम्ही निवृत्त होताना आमच्या वाचनालयाला दिलेला संगणक तेवढा अंथरुणाला खिळला आहे.

एरवी तो ठणठणीत होता. सुरू व्हायला इतका वेळ घेई, की तेवढ्यात एक अख्खी कविता मनातल्या मनात म्हणून व्हायची (चालीवर म्हटली तर अर्धीच). मग मी शाळेच्या पुस्तकातल्या कविता आठवून आठवून त्यात उतरवत बसे. एका बोटाने लिहिताना प्रत्येक अक्षर जुन्या वर्गमित्रासारखं भेटतं, दाजी.

पण यंदाच्या दसऱ्याला वाचनालयाचे अध्यक्ष महिपतराव म्हणाले, "कोयत्या-कुदळीला हळदकुंकू वाहतो, मग ह्यानंच काय पाप केलंय?" मलाही पटलं. झेंडूचा हार घातला, उदबत्ती ओवाळली (पंख्याने धूर आत ओढला, तेव्हा पूजा पावली असंच वाटलं), आणि बाहेर दगडावर फोडायचा नारळ महिपतरावांनी टेबलाच्या कडेवर फोडला. पाणी सगळं कीबोर्डात! तेव्हापासून बटणांची मधली ओळ मुकी झाली आहे. तुम्ही पासवर्ड ठेवलाय ताईचं नाव, आणि इंग्रजीत लिहिताना त्यातला शेवटचा 'एन' तेवढा उमटतो. कविता आत, मी बाहेर.

लोणावळ्यात कीबोर्ड घेऊन गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, ही गोल पिन मी फक्त वडिलांच्या बोलण्यात ऐकलीय."

इकडे ग्रंथपाल सारिकाने देणगीतून लॅपटॉप मिळवला आहे. वहीइतका पातळ, पण काहीही करायला आधी नेट मागतो. आमच्याकडे रेंज येते ती पाण्याच्या टाकीपाशी. तिथे वारा असा, की लॅपटॉपवर दगड ठेवून बसावं लागतं (दगडाखालचं काही दिसत नाही, ही वेगळी अडचण). तरी महिपतरावांचं ठरलंय. "भाऊ, जुनं धूड आता भंगारात देऊ. लय जागा खातंय." रविवारी टेम्पो येणार. तेव्हापासून मला जेवण जात नाही (दुपारचं जातं).

बाकी विशेष काही नाही. ताईला नमस्कार सांगावा.

आपला,
सीताराम

ता. क. : तुमच्या माळ्यावर गोल पिनेचा जुना कीबोर्ड असेलच. तो घेऊन रविवारच्या आत या. नव्या इंद्रायणीचा भात घालतो.

आणखी ता. क. : सारिका म्हणते, "आबा, तुम्हाला सगळ्या कविता पाठ आहेत ना? मग पुन्हा लिहा की!" पोरीचं खरं आहे. पुस्तकातल्या सगळ्या पाठ आहेत. पण दाजी, त्यांच्यामागे हळूच मी माझी स्वतःची एक घातली होती. तीच काही केल्या आठवत नाही.