भीमराजची खरी हार

पुणे, ९ फेब्रुवारी २०२५

ती. शीतलताईस,
धाकट्या भीमराजचा सप्रेम जय भीम. वि. वि.

शिबिरात आमचे फोन काढून घेतलेत, म्हणून हे पत्र. माझी झुंज सोळा तारखेला, रणधार लीगमध्ये. समोर कळमनुरीकडच्या तांड्यावरचा फुलसिंग राठोड. हिंगोलीवाल्यांनी आपसातलं भांडण पुण्यात आणलं, असं म्हणून सगळे हसून राहिलेत. ठोसा, लाथ, कुस्ती, या खेळात सगळंच चालतं, आणि त्याला सगळंच येतं. त्याची कुस्ती बघत राहावी अशी आहे.

एक गोष्ट बाबांना सांगू नको. लीगचा मालक बंटीसेठ काल खोलीवर आला. दुसऱ्या फेरीत पड, पुढच्या वेळी तुला जिंकवतो, म्हणाला. मी न्हाई म्हणालो. काहून, असं त्यानं विचारलं, तेव्हा मोठं काही सुचलं नाही. म्हटलं, आमचे बाबा टीव्हीसमोर बसणार हायेत. तो हसत निघून गेला.

बाबांची हळद शिजवून झाली का? तब्येतीला जप. तुझी माया अशीच असू दे.
तुझा,
भीमराज

हट्टा, १८ फेब्रुवारी

चि. भीमराज यास,
ताईचे अ. आ. आणि जय भीम.

सगळी गल्ली आपल्या घरात होती. दुसऱ्या फेरीत तू फुलसिंगच्या बरगडीत लाथ घातलीस तेव्हा आई खाटेवरून उठून उभी राहिली. तिसऱ्या फेरीत त्यानं मागून तुझा गळा आवळला, तू हात आपटून हार मानली नाहीस आणि बेशुद्ध पडलास, तेव्हा ती रडली. बाबा टीव्ही बंद करून म्हणाले, पोरगं लढलं बराबर. मग हळदीच्या कढईकडे गेले.

तू त्या सेठला जे सांगितलंस, ते वाचल्यापासून माझीच मान ताठ झालीय. तुझा कान मात्र भज्यासारखा सुजलेला दिसला. बर्फ लाव, नाहीतर लग्नाला पोरगी मिळायची नाही.
आठवण ठेव, लिहीत जा.
तुझी ताई

पुणे, २३ मार्च

ती. ताईस,
सप्रेम जय भीम.

तुला बातमी कळलीच असेल. झुंजी आधीच ठरवलेल्या असतात, अशी एका पंचानं पोलिसांत तक्रार दिली, बंटीसेठ पळाला, लीग बंद पडली. कार्यालयाला कुलूप आहे. पंचवीस-तीस खेळाडू रस्त्यावर आलेत. संशयाच्या झुंजींत माझीही आहे. लोक फोनवर इतकं घाणेरडं बोलतात की मी तो बंद करून ठेवलाय.

ताई, मी पडलो असतो तर गप्प बसलो असतो. मी न्हाई म्हणालो, जीव तोडून लढलो, आणि खरंच हरलो. हे आता कोणाला पटवू? सेठ आणि मी, खोलीत तिसरं कोणी नव्हतं. झोपलो की फुलसिंगचा हात गळ्याभोवती जाणवतो. तेवढंच एक खरं वाटतं.

गावात बाबांना कोणी बोललं का? खरं लिही. सध्या मी गावी येणार नाही. माझ्यावर रागावू नको.
भीमराज

हट्टा, ३० मार्च

चि. भीमराज यास,
ताईचे पोटभर आशीर्वाद आणि जय भीम.

खरं लिहिते. बोलले लोक. हॉटेलात एकानं बाबांना विचारलं, पोरगं विकलं गेलं का. बाबा चहा तसाच ठेवून घरी आले.

काल दुपारी अंगणात मोटारसायकल थांबली. फुलसिंग! बरगडीला पट्टा बांधलेला, उतरताना कण्हत होता. बाबांच्या पाया पडला आणि म्हणाला, काका, माझं ऐकून घ्या. तू दुसऱ्या फेरीत पडशील, असं सेठनं फुलसिंगला सांगितलं होतं, आणि फुलसिंग त्याला कबूल झाला होता. फेरीभर तो वाट बघत राहिला. पडायचं सोडून तू लाथ घातलीस, तेव्हा त्याला कळलं की हा पोरगा खोटं खेळून राहिला न्हाई. मग तोही खराच लढला.

हे सगळं त्यानं पोलिसांना लिहून दिलंय. त्याचा विजय रद्द होईल, कदाचित खेळायलाही बंदी येईल. आईनं विचारलं, लेकरा, गप्प बसला असतास तर तुझं काय बिघडलं असतं? तो म्हणाला, मावशी, मी आजवर जिंकलो त्यात हाच एक विजय कमावलेला. तो लोकांना खोटा म्हणू देऊ कसा?

त्याच्या आवाजानं गल्ली गोळा झाली होती. हॉटेलातला तो माणूसही मागं उभा होता. त्याच्याकडे न बघता बाबांनी फुलसिंगला विचारलं, ती गळ्याची पकड माझ्या पोराला सोडवता आली असती का? फुलसिंग म्हणाला, आली असती, पण त्याची हनुवटी वर राहते, अजून शिकायला पायजे.

बाबा म्हणाले, मग शिकव त्याला.

पुढच्या रविवारी तो तुझ्याकडे पुण्याला येतोय. त्याची बरगडी अजून भरली नाही, जपून भिड.

आम्हा सर्वांचा जीव तुझ्यात आहे, एवढं असू दे ध्यानात.
तुझी,
शीतलताई