दुसरा कप

प्रिय,

हा शब्द मी आठवड्याला दोन-अडीचशे वेळा लिहितो. तेव्हा तो वाचून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल तर ती रास्त आहे. हा कागद मात्र ऑफिसचा नाही आणि त्याला सोनेरी कडाही नाही, एवढं बघून घे आणि वाच.

आज प्रेमदिन. म्हणजे आमच्या कार्डांच्या कारखान्यात आज सामसूम. आमचं प्रेम पाच महिन्यांपूर्वीच छापून, खोक्यांत भरून रवाना झालं. उद्यापासून उरलेला माल निम्म्या दरात. साहित्यशास्त्रात शृंगाराचे दोन प्रकार सांगितले आहेत, मीलनाचा आणि विरहाचा. आमच्याकडे तीन आहेत: लहान, मध्यम आणि उघडल्यावर वाजणारा. साहेब पूर्वी टायर विकायचे. माणूस वाईट नाही. दर हंगामाला माझ्या टेबलाशी येऊन बजावतात, "पंडित, यंदा विरह नको. विरहाला गिऱ्हाईक नाही." 'पंडित' हे नाव तू थट्टेनं ठेवलेलं, ते ऑफिसात कसं पोचलं कोण जाणे. शाळेतला संस्कृतचा वर्ग बंद झाला आणि हे काम चालून आलं, तेव्हा तूच म्हणाली होतीस, "घ्या हो. निदान तिथे तरी प्रेमाबद्दल चार ओळी लिहाल." त्या 'तिथे तरी'चा अर्थ लावायला भाष्यकाराची गरज नव्हती. मी तो लावला नाही, एवढंच.

सोळा वर्षं मी लोकांच्या बायकांना कार्डं लिहिली. तुला एकदाच दिलं, तर त्याच्या मागे 'नमुना, विक्रीसाठी नाही' असा शिक्का निघाला. तू ते पाठ पुढे करून फ्रिजवर लावलंस आणि आल्यागेल्याला दाखवायचीस, "हे आमचे." मीही हसायचो. बरे दिवस होते ते.

मग तो हंगाम आला. साहेबांना काहीतरी साधं, घरातलं, रोजचं हवं होतं आणि मला तीन आठवडे चंद्राच्या पलीकडे काही सुचत नव्हतं. शेवटी मी माळ्यावरून तुझ्या पत्रांचा डबा काढला. सहज वाचतोय, असं स्वतःला सांगितलं. सोमवारी साहेबांच्या टेबलावर ओळी गेल्या: 'सवयीनं दोन कप चहा केला. दुसरा ओतून द्यायला हात झाला नाही.' साहेबांनी कागद वाचला, उलटून पाठही बघितली. मला वाटलं, आता विरह म्हणून परत करणार. ते म्हणाले, "पंडित, हे कपावरसुद्धा चालेल." चाललं. कपावर, उशीवर, किल्ल्यांच्या छल्ल्यावर. मला बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं, हृदयाच्या आकाराचं. खाली निमुळतं असल्यामुळे त्यात सहाचा आकडा बसत नाही. घरात सहा वाजतात ते अंदाजानं.

तुला ते कप बाजारात दिसले. दुकानातून त्या कपांची जोडी घेऊन आलीस, चहा केलास, एक कप माझ्यापुढे ठेवलास. "प्या," म्हणालीस. स्वतःचा कप मोरीत ओतलास, विसळून पालथा घातलास आणि बॅग भरायला लागलीस. या गोष्टीला दोन वर्षं झाली. तुझी बदली झाली, असं मी लोकांना सांगतो. लेकीलाही तेच सांगितलंय, आणि तिच्या बोलण्यावरून दिसतं की तूही तेच सांगतेस. खोटं बोलण्यात तरी आपलं अजून एकमत आहे.

लिहायला कारण घडलं ते असं. सकाळी लेकीचा फोन आला. होणाऱ्या जावयानं, त्या दातांच्या डॉक्टरनं, तिला आजचं कार्ड दिलं. तिनं ते मला वाचून दाखवलं, दुसरं वाक्य दोनदा. "बाबा, हे तुमच्याकडचंच ना? कोणी लिहिलंय?" मी म्हणालो, एका बाईंनी. तिला त्या ओळी लग्नपत्रिकेवर घालायच्या आहेत आणि रविवारी ती तुला दाखवायला येणार आहे. तिच्यासमोर तुला त्या अवचित वाचाव्या लागू नयेत, म्हणून आधी कळवतोय. कार्डावर वाक्यं दोन आहेत. तुझ्या पत्रात तीन होती. पहिलं मी गाळलं होतं: 'काल दवाखान्यातून परत आले, आपलं बाळ राहिलं नाही.' तिच्याआधी कुणी होतं, हे लेकीला ठाऊक नाही. तिला सांगायचं, की त्या ओळी तशाच पत्रिकेवर जाऊ द्यायच्या, ते तू ठरव. आता मी त्यातलं काही गाळणार नाही आणि काही घालणारही नाही. तुझं मूळ पत्र सोबत परत पाठवतोय. प्रत ठेवलेली नाही. ते आलं तेव्हा मी परगावी पेपर तपासत होतो आणि तुला लगोलग चार पानी उत्तर धाडलं होतं. त्यात तिथली हवा होती, खाणावळीची तक्रार होती, एका श्लोकाचा अन्वय होता. बाळाबद्दल एक अक्षर नव्हतं. म्हणून हे पत्र. त्या पत्राचं उत्तर सत्तावीस वर्षं राहून गेलं होतं.

तुझाच (हे छापील नाही),
पंडित