मी पास केलेली फ्रेम

प्रिय भिंगरी,

बाबांचा फोन आला असेलच. पत्र वाचून होईपर्यंत सायकलवर बसायचं नाही, एवढाच निरोप द्या, पुढचं मी लिहिते, असं मी त्यांना बजावलं होतं. का, का, म्हणून त्यांनी माझं डोकं खाल्लं, पण मी दाद दिली नाही. म्हणजे तू आत्ता माझ्यावर चांगलीच उखडलेली असणार. रविवारी मोसमातली पर्यटकांची पहिली तुकडी घेऊन सायकलवरून डोंगर उतरायचा, आणि आईने ऐनवेळी सायकल अडवून धरली! उखड, पण शेवटपर्यंत वाच. पहिली ओळ आणि सही वाचून बाकीचं 'जेवल्यावर बघू' म्हणून उशीखाली सारायची तुझी सवय मला ठाऊक आहे. हे पत्र ब्रेकच्या पॅडांच्या खोक्यात घालून बसच्या ड्रायव्हरकडे देतेय. खोक्यातले पॅड तुझेच आहेत, ते ठेवून घे.

इकडे सगळं ठीक. निवृत्त झाल्यापासून बाबांना घरी करमत नाही, म्हणून ते माझ्या सायकलच्या दुकानात येऊन चाकं सरळ करायला शिकतायत. आयुष्यभर पोरांना भूगोल शिकवलेला माणूस, पृथ्वी गोल आहे हे छातीठोकपणे सांगणारा, पण त्यांच्या हातून एक चाक गोल होईल तर शपथ. एक तार आवळतात, दुसरी ढिली करतात, मग चष्मा पुसत चाकाकडे असं बघतात की चूक चाकाचीच आहे. मी मागून येऊन दोन मिनिटांत नीट करते आणि ते बघितलं नाही असं दाखवतात. दुकानासमोरच्या चढावर रस्ता खणून ठेवलाय, त्यामुळे रोज कुणाची तरी रिम वाकते आणि आमचं बरं चाललंय.

तू ती कार्बनची फ्रेम आणलीस तो दिवस आठवतो? आमची अर्धी हयात लोखंडात गेली, कार्बन फक्त दुसऱ्यांचं तपासायला यायचं. मी ती एका बोटावर उचलली आणि नाक मुरडून विचारलं, की बाई, ही सायकल आहे की सायकलचं खोकं? नावाजलेल्या कंपनीची असती तर एक वेळ ठीक, पण ही स्वस्तातली, जिच्यावर बनवणाऱ्याने धड नाव घालायचीही तसदी घेतली नव्हती. मी आत टॉर्च मारून बघितलं तर कार्बनच्या थरांना सुरकुत्या पडलेल्या, पायडलाच्या जोडापाशी थर चिकटवणाऱ्या चिकाचा गोळा सुकून बसलेला. बाहेरून नवरी आणि आतून अडगळीची खोली. तुझ्या त्या दगडांवर ही एक मोसमही टिकायची नाही, असं मी बोलून गेले आणि तू आठ दिवस माझ्याशी बोलली नाहीस.

पण टिकली की गं. तीन वर्षं टिकली. पुढच्या चाकाने उडवलेले दगड खालच्या नळीवर बसत राहिले, तू त्यावर जुन्या ट्यूबचा तुकडा बांधून वापरत राहिलीस. मी दर वेळी तडा सापडेल म्हणून शोधायचे आणि काही सापडायचं नाही. मग हळूहळू मीच गिऱ्हाइकांना सांगायला लागले, की स्वस्त कार्बन म्हटलं की लगेच हातभर दूर पळू नका. त्यातली एखादी चांगली निघते, एखादी वाईट, फरक एवढाच की कारखान्यात ती कुणी तपासून बघितलेली नसते. ते तपासणं आपल्या गळ्यात पडतं. लोखंड वाकतं, कुरकुरतं, आधी कळवतं तरी. कार्बन आतल्या आत सुटत जातं आणि वरचा रंग तसाच राहतो.

म्हणून तर ते नाणं. नाण्याच्या कडेने फ्रेमवर बोटभर अंतराने टकटक करत जायचं आणि ऐकायचं. चांगल्या जागी आवाज स्वच्छ येतो, आत थर सुटले असतील तिथे तो बसतो, सर्दी झालेल्या माणसासारखा. मला हे कुणी शिकवलं नव्हतं, ऐकून ऐकून जमलं. तू दहा वर्षांची असताना स्टँडखाली मांडी घालून बसायचीस आणि मी टकटक केली की 'पास' किंवा 'नापास' ओरडायचीस. निम्म्या वेळा चुकायचीस, पण आवेश काय! पुढे बाकीचे दुकानवालेही फ्रेमा माझ्याकडे पाठवायला लागले. तिच्या कानाला दाखवून घ्या, म्हणायचे. खोटं कशाला बोलू, मला त्याचा फार गर्व होता. हात तर सगळ्यांचेच चालतात, कान माझाच, असं वाटायचं.

गेल्या महिन्यात तू आलीस, कोपराला पट्टी बांधून. खडकावर आपटून पडले, मला काही झालं नाही, सायकल बघ, म्हणालीस. खालच्या नळीवर वीतभर ओरखडा होता. तू स्वतःहून म्हणालीस, की आता ही बदलावी, दुसरी बघून ठेवली आहे. मी हसले. मी नाणं घेतलं, डोक्यापासून शेपटापर्यंत सगळी ठोकली, ओरखड्यावर तर तीनदा. सगळीकडे सारखा आवाज. ठणठणीत आहे, नवी कशाला, माझ्या शब्दावर जा, असं मी तुला सांगितलं आणि नळीवर खडूने बरोबरची खूण केली. तू मला मागून मिठी मारलीस. तेव्हा काहीतरी बोललीसही, दुकानात ग्राइंडर चालू होता म्हणून नीट कळलं नाही, असं मी तेव्हा धरून चालले. ग्राइंडर बंद होता, हे मला परवा आठवलं.

परवा काय झालं ते सांगते. एक गिऱ्हाईक बाई आल्या होत्या, शाळेत गाणं शिकवतात. त्यांना त्यांच्या मुलाची फ्रेम घरच्या घरी तपासायला शिकायचं होतं. मी शिकवायला कायम वापरते ती मोडकी फ्रेम खुंटीवरून काढली, जिच्यात कुठे थर सुटलेत ते मला पाठ आहे. त्यांच्या हातात नाणं दिलं. त्या ठोकत ठोकत गेल्या आणि मी सांगायच्या आधीच थांबून म्हणाल्या, अगंबाई, इथे बसला की आवाज! मी मान डोलावली. पण भिंगरी, मला काही बसलेलं ऐकू आलं नव्हतं. त्या गेल्यावर मी स्वतः ठोकून बघितलं. अलीकडे, पलीकडे, बरोबर त्या जागेवर. सगळं सारखं. कान नळीला लावला, तरी सारखं. बाबांना बोलावून ठोकायला लावलं, आणि ज्यांना चाक गोल करता येत नाही त्यांनी पहिल्या फटक्यात जागा दाखवली. मग मी कानाच्या डॉक्टरकडे गेले. तिने कागदावर एक रेघ काढून दाखवली, सुरुवातीला सरळ आणि पुढे दुकानासमोरच्या उतारासारखी खाली गेलेली. बारीक, टोकदार आवाज गेलेत, म्हणाली, आणि ते आजकाल गेलेले नाहीत, दोन-तीन वर्षं तरी झाली असतील. इतकी वर्षं ग्राइंडरपाशी उभी, कानात कधी बोळाही घातला नाही. घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते चष्मा पुसायला लागले. त्यांना माहीत होतं गं. दोन वर्षं ते माझ्याशी वरच्या पट्टीत बोलतायत आणि मी समजत होते की म्हातारपणी चिडके झालेत.

तर, तुझी फ्रेम मी पास केली ती न ऐकता केली. ओरखड्याखाली काही नसेलही. पण आहे की नाही हे मला माहीत नाही, आणि माझ्या शब्दावर तू दहा माणसं मागे घेऊन त्या उतारावर निघाली होतीस. तू स्वतः ठोकून बघ, तुझे कान तरुण आहेत. मग शहरात मशीनवर तपासणारे असतात, त्यांच्याकडे ने. जराही शंका आली तर फ्रेम बदल, आणि रविवारी दुसऱ्या कुणाची सायकल घे. दुकानावर मी पाटी लावली आहे की कार्बन इथे तपासून मिळणार नाही. हे सगळं फोनवर दोन वाक्यांत झालं असतं, बाबांकडून तर एकातच. पण फोनबद्दलच मला तुला सांगायचं आहे, आणि खरं म्हणजे त्यासाठीच हे पत्र. तुझा आवाज मुळात बारीक, फोनमध्ये तो मला आता जवळजवळ कळतच नाही. मी हं हं करते, हसल्यासारखं वाटलं की हसते. थंडी संपताना तू एकदा बराच वेळ बोललीस. मध्ये मध्ये थांबत होतीस, मला वाटलं रडतेयस. मी म्हटलं, होईल सगळं नीट, जेवून घे. त्यानंतर तू तो विषय कधी काढला नाहीस. भिंगरी, त्या दिवशीचा तुझा एक शब्दही मला कळला नव्हता, आणि विचारायची मला लाज वाटली. काय झालं होतं गं तेव्हा? सवड काढून ये. माझ्यासमोर बस, मला तुझे ओठ दिसतील अशी, आणि पहिल्यापासून सगळं परत सांग. राग आला असेल तर आधी तो काढ, फक्त जरा मोठ्याने.

तुझीच,
आई