गाडीला पायरी लावणार नाही

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. दसरा.

सकाळी गाडीची पूजा. झेंडूचा हार, चारही चाकांखाली लिंबू. गाडी घेऊन दोन महिने झाले. सेकंडहँड असली तरी फोर बाय फोर आहे, म्हणजे इंजिन चारही चाकं फिरवतं. कोराडीच्या वीज प्लांटच्या आमच्या अख्ख्या स्टाफ कॉलनीत फोर बाय फोर फक्त माझ्याकडे. बाकीच्यांच्या गाड्या म्हणजे चाकं लावलेले डबे.

आईने बॉनेटवर कुंकू लावलं, पण आत बसली नाही. एक पाय उचलला, तो दाराच्या कडेपर्यंत पोचलाच नाही. परत खाली ठेवला. म्हणाली, सुशील, याच्यात मले चढवाले प्लांटातली क्रेन आन. सगळे हसले. मीपण हसलो, पण आतून राग आला. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले, त्यात गाडीचा काय दोष?

दुपारी पुरणपोळी वाढता वाढता कामिनीने विषय काढलाच. भाऊबीज तीन आठवड्यांवर आली. वामनमामा श्रावणात पडले, खुबा मोडला. दर वर्षी तेच आईकडे यायचे, यंदा येणं शक्य नाही. आई म्हणते, मी जाते. लग्न झाल्यापासून तिची एकही भाऊबीज चुकलेली नाही. तर गाडीला पायरी लावा, असं बायकोचं म्हणणं. त्याला साइड स्टेप म्हणतात, एवढं मी तिला शांतपणे समजावलं.

निश्चय: आई माझ्याच गाडीने मामांकडे जाणार. पायरीचं बघू.

३ ऑक्टोबर. जेवणाच्या सुट्टीत.

'विदर्भ मड वॉरियर्स' या ग्रुपवर विचारलं, साइड स्टेप की रॉक स्लायडर? रॉक स्लायडर म्हणजे दाराखाली चेसिसला आवळलेला जाड लोखंडी पाइप. गाडी दगडावर आदळली तर मार पाइप खातो, बॉडी वाचते. बॉडीला इतका चिकटून असतो की त्यावर पाय ठेवता येत नाही. तेच तर त्याचं सौंदर्य.

ॲडमिन जितेंद्रचं उत्तर दोन मिनिटांत आलं. भाऊ, साइड स्टेप खाली लटकते, पहिल्याच दगडात तुटते. ती लावायचीच असेल तर मागे टॉवेल वाळवायची दोरीपण बांधून घे.

मी अंगठा दिला. माणूस अनुभवी आहे. अजून भेटलो नाही.

५ ऑक्टोबर, रविवार.

सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत बंटीचं ॲक्सेसरीजचं दुकान आहे, तिथे गेलो. बंटीने विचारलं, साहेब, गाडी कुठं कुठं जाते? मी म्हणालो, सगळीकडे. त्याने वाकून मी नवे टाकलेले टायर पाहिले. नव्या टायरवर रबराचे केस असतात ना, ते अजून जसेच्या तसे आहेत. हसला. हसऱ्या दुकानदारांवर माझा विश्वास नाही.

मग म्हणे, पण नागपुरात खडक कुठं आहे साहेब, इथं तं सारी काळी माती. मी रामटेकचं नाव घेतलं. तो म्हणे, रामटेकले तं वरपर्यंत रोड आहे. मी म्हणालो, मी रोडने जात नाही. (आलो रोडनेच होतो, पण सीताबर्डीत दुसरा इलाज काय?)

साइड स्टेप त्याने आग्रहाने दाखवली. रुंद, वर रबराची पट्टी. घरी म्हातारं माणूस असेल तर हीच घ्या म्हणे, चढण दोन हप्त्यांत होते. वाक्य चांगलं होतं, विचार चुकीचा. विचार करून कळवतो म्हटलं.

८ ऑक्टोबर.

कामिनीने बातमी दिली की आई रोज सकाळी मी ड्युटीवर गेलो की गेटाला धरून अंगणातल्या पायरीवर चढ-उतर करून राहिली. दहा वेळा. मधे बसते, गुडघे चोळते, परत दहा वेळा.

फार बरं वाटलं. घरात एक माणूस ॲडव्हेंचरच्या मार्गाला लागला की सगळ्यांना स्फूर्ती मिळते. मीपण उद्यापासून पहाटे चालायला जाणार.

९ ऑक्टोबर.

ढग होते. गेलो नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार.

निर्णय झाला. रॉक स्लायडर.

कारणं लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी विचारलं तर घोळ नको. एक, सुरक्षा. दोन, आई वर्षातून किती वेळा बसणार? गाडी मात्र रोज गाडी असते. तीन, मी चोवीस वर्षं प्लांटच्या स्टोअरमध्ये काढली, कुठला माल कशाला लागतो ते मला बंटीने शिकवू नये. चार, पायरी लावलेली फोर बाय फोर म्हणजे घुंगरू बांधलेला वाघ.

चौथं कारण जितेंद्रला पाठवलं. त्याने मोठ्याने हसणारे तीन चेहरे पाठवले.

१२ ऑक्टोबर, रविवार.

बसवले. काय दिसून राहिली गाडी. कॉलनीत दोन चकरा मारल्या, मग तिसरी मारली, कारण पहिल्या दोन वेळा समोरचा ताराचंद गॅलरीत नव्हता.

कामिनी बाहेर आली, खाली वाकली, पाइपवर हात फिरवला. म्हणाली, आईंनी पाय कुठे ठेवायचा? मी म्हटलं, बघ, असा. करून दाखवलं. बूट सटकला, नडगी सोलली गेली. दोष बुटाचा.

आई ओट्यावरून पाहत होती. म्हणाली, चांगलं हाय बाबू, मजबूत दिसते. ती समजूतदार आहे. कामिनीने हळद लावून दिली, पण एक शब्द बोलली नाही. तिने न बोललेलं मला चांगलं ऐकू येतं.

१५ ऑक्टोबर.

उजव्या स्लायडरवर पहिला ओरखडा. फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "जंगल ट्रेल". एकोणीस लाइक.

(ओरखडा आमच्याच गेटाच्या कोपऱ्याचा. गेट नसतं तर जंगलाचाच झाला असता.)

१८ ऑक्टोबर, शनिवार.

प्रश्न सुटला. डोकं माझं एकट्याचं.

आमचा ओटा दोन फूट उंच. गाडीचा फ्लोअरही दोन फूट. गाडी ओट्याला चिकटवून लावली, की आई ओट्यावरून सरळ आत. मामांच्या घरालाही ओटा आहे. म्हणजे इथल्या ओट्यावरून तिथल्या ओट्यावर, मेट्रोसारखं, मधे कुठे चढणं नाही, उतरणं नाही. पायरीची गरजच काय?

लगेच ट्रायल. गाडी चिकटवायला सात वेळा मागे-पुढे करावं लागलं, तुळशीशेजारची एक कुंडी गेली. पण आई आत बसली. देवीच्या देवळापर्यंत नेलं. तिला उतरता येत नव्हतं म्हणून गाडीतूनच कळसाला हात जोडले. मी म्हटलं, बघ, गर्दी नाही, चपला सांभाळणं नाही. ती हो म्हणाली. परत येईपर्यंत कळसाकडे मान वळवून बसली होती.

कामिनी म्हणाली, मधे रस्त्यात कुठे उतरायचं झालं तर? मी म्हटलं, दीड-दोन तासांचा रस्ता, कशाला उतरायचं? नकारात्मक विचार करायची सवयच आहे तिला.

२१ ऑक्टोबर.

दोन दिवस अवकाळी पाऊस. मामांचा मुलगा सुमंत याचा फोन आला. म्हणे, दादा, मी माझी छोटी गाडी घेऊन येतो, आत्याबाईले नेतो अन् आणूनही देतो. तू ये आपला मागून तुझ्या गाडीनं.

मी स्पष्ट सांगितलं, आई माझी आहे, गाडी माझी आहे, ती माझ्याच गाडीने येईल. तो म्हणे, बरं दादा, पण मग डांबरी रस्त्यानं येजो. पांदणीनं येऊ नको, चिखल झाला. पांदण म्हणजे शेतातून जाणारा बैलगाड्यांचा रस्ता. त्या रस्त्याचं मला हा सांगणार. लहानपणची प्रत्येक सुट्टी मी त्याच पांदणीत काढली.

कामिनी म्हणाली, ऐका ना हो त्याचं. तिचा भाऊ भाऊबीजेला इकडे येणार म्हणून ती घरीच राहणार आहे. बरंच आहे. गाडीत मतं कमी राहतील.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज. सकाळी ८.१०

आई ओट्यावरून आत. पाचव्या प्रयत्नात गाडी चिकटली, म्हणजे प्रगती आहे. आईने जरीकाठाचं लुगडं नेसलंय, मांडीवर ताटाची पिशवी. आज सकाळी चहा घेतला नाही तिने. उपास असेल.

९.२०

सावनेरला थांबलो. चहा विचारला, नको म्हणाली. उसळ विचारली, नको. पाणी तरी घे म्हटलं, तर म्हणे, तू घे बाबू, अन् चाल लवकर. भावाची ओढ, दुसरं काय. मी दोन चहा घेतले.

१०.०५

पांदणीच्या तोंडाशी उभा आहे. डांबरी रस्त्याने सहा किलोमीटरचा फेरा, पांदणीने दोन. आई म्हणाली, सुमंत नाही म्हणला होता ना गा? मी म्हटलं, सुमंतच्या गाडीला स्लायडर नाहीत.

१०.२५

तात्पुरता थांबलो आहे.

१०.४०

काळ्या मातीचं एक आहे. ती अडवत नाही, आत बोलावते. चाकांवर बोटभर माती चढली, मग वीतभर, मग चाकं आणि माती वेगळी ओळखू येईनात. लो रेंज, म्हणजे जास्त ताकदीचा गिअर, टाकला. त्याने गाडी आणखी खाली गेली. आता दोन्ही स्लायडर चिखलावर टेकले आहेत, आणि मी म्हणेन की त्यांनी आपलं काम केलं. बॉडीला काही झालेलं नाही.

शेतकऱ्याच्या पोरानं पावसानंतर पांदणीत गाडी घातली, असं कोणी म्हणेल. म्हणू दे.

१०.५०

ग्रुपवर लोकेशन टाकलं. जितेंद्रने लिहिलं, भाऊ, बहिणीकडे जेवाले बसलो आहे. फोटो पाहून म्हणे, पण इथं दगड कुठं आहे? त्याला ऑफ-रोडिंगमधलं फारसं कळत नाही असं मला आधीपासून वाटत होतं.

मग सुमंतला फोन केला. करावा लागला.

११.१५

आई उतरली. स्वतः, एकटी. मी फोनवर होतो, तोवर तिने दार उघडलं आणि पाय खाली ठेवला. गाडी इतकी खचली आहे की जमीन तिच्या पायाला लगेच लागली. लुगडं सावरत, घाईघाईने तुरीच्या मागे गेली. दहा मिनिटांनी आली. चेहरा एकदम मोकळा. कामिनीने दिलेली पाण्याची बाटली मागितली आणि पूर्ण संपवली, मग दुसरी उघडली. चिवडापण खाल्ला.

म्हणजे उपास नव्हता. शेतातल्या हवेने भूक-तहान लागते.

११.४५

सुमंत बंडी, म्हणजे बैलगाडी, घेऊन आला. शिव्या देईल असं वाटलं होतं, पण तो आधी आत्याबाईच्या पाया पडला. मला वाटलं, आता आईला या बंडीत चढवणार कसं? माझ्या गाडीपेक्षा उंच. थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला लिहू.

त्याने बैल सोडले. जू दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचललं. बंडी उलार झाली, मागची बाजू जमिनीला टेकली. आई खाटेवर बसावं तशी तिच्यावर बसली. वर कापसाचं पोतं अंथरलेलं होतं. सुमंतने जू हळूहळू खाली ओढलं आणि आई आपोआप वर उचलली गेली. गुडघा वाकवावा लागला नाही. ती हसत होती. म्हणाली, अशीच बसत जावो मी लहानपणी.

मीपण याच पांदणीत, याच बंडीत असाच बसायचो. मला आठवायला हवं होतं.

ती निघाली. मला म्हणाली, तू येतो ना बाबू? मी म्हटलं, गाडी सोडून कसा येऊ? बंडी गेली. मागून तिचा हात हलताना दिसत होता.

दुपारी १.१५

ओवाळून झाल्याचा सुमंतचा फोन. मामा रडले म्हणे. आईपण. माझा डबा पाठवतो म्हणाला. ट्रॅक्टर चार वाजता मोकळा होईल.

मी इथे आहे. गाडी ठीक आहे.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार.

ट्रॅक्टरने काल गाडी ओढून काढली. घरी आलो, एकटाच. आई चार दिवस मामांकडे राहणार आहे. स्लायडर धुतले. एकही नवा ओरखडा नाही. हे मी कामिनीला सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि कणीक मळत राहिली.

सगळ्याचा शांतपणे विचार केला. चूक स्लायडरची नाही, टायरची आहे. मड टेरेन, म्हणजे खास चिखलाचे, टायर पाहिजेत. जितेंद्रला विचारावं, किंवा त्याला विचारूच नये.

संध्याकाळी आईला फोन लावला. सोमवारी घ्यायला येतो म्हटलं, डांबरी रस्त्याने. तिने विचारलं, कोणत्या गाडीनं गा? मी म्हटलं, आपल्याच. ती म्हणाली, बरं. पण किती वाजता येतो ते आदल्या दिवशी सांगजो बाबू. म्हणजे मी रात्रीपासूनच पाणी बंद करते. मधात उतरा लागलं तं तुले त्रास होते.

हो म्हणालो आणि फोन ठेवला. फार लाज वाटली.

मग सुमंतला फोन केला. सोमवारी आईला तुझ्याच गाडीने आणून दे म्हटलं, पाया पडतो तुझ्या. नंतर बंटीला लावला. त्याने दुकान बंद केलं होतं. उद्या सकाळी येतो, स्लायडर काढायचे आहेत, असं सांगितलं. काहून साहेब, खडक भेटला का, असं त्याने विचारलं. नाही म्हटलं. आईला चढायचं आहे.