धुतल्या भुशासारखा

तीर्थरूप मामांस,

तुमच्या भिंगरीचा साष्टांग नमस्कार. (घातला खुर्चीत बसूनच आहे, कारण आईने आत्ताच फरशी पुसली आहे आणि ती वाळेपर्यंत या घरात कुणालाही पाय खाली टेकवायची परवानगी नसते. भाव मात्र पूर्ण साष्टांग आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? कुत्र्याचं पोट सुधारलं असेल अशी आशा करते. इकडे आम्ही दोघी मजेत आहोत. आईची तब्येत तर इतकी ठणठणीत आहे की परवा तिने छताचा पंखा उतरवून धुतला आणि परत लावताना पाती उलटी बसवली. आता तो खालची हवा वर ओढून घेतो आणि वर्तमानपत्र वाचताना वजन ठेवून वाचावं लागतं.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही आधी पाऊसपाणी विचारता, मग 'बरं, ठेवतो' म्हणता आणि मुद्दा माझ्या तोंडाशी येईपर्यंत खरंच ठेवून देता. शिवाय आमच्या भिंती पातळ आहेत आणि आईचे कान तिखट. म्हणून कागद.

माझं काम काय आहे हे तुम्हाला अजून नीट माहीत नसेल, आणि त्यात तुमचा दोष नाही. आई सगळ्यांना 'मुलगी गॅसचं काम करते' एवढंच सांगते. त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या काकू आपली बिघडलेली शेगडी घेऊन येतात आणि समोरचे आजोबा पोटावर हात फिरवत 'काही औषध आहे का गं?' असं हळूच विचारून जातात. तर ऐका. मी कॉम्प्युटरमध्ये एक भट्टी बांधली आहे. तिला वीट लागत नाही, गवंडी लागत नाही. वरून भुसा टाकायचा आणि खालून हवा द्यायची, पण मोजकी. त्याला भडकू द्यायचं नाही, नुसतं धुमसत ठेवायचं. मग त्यातून जळाऊ गॅस निघतो आणि त्यावर इंजिन चालतं, चूल पेटते, दिवे लागतात. (तुम्ही आणि आई रेडिओच्या प्रकरणापासून एकमेकांवर ज्या चिकाटीने धुमसताय, त्यावर एखादं गाव सहज उजळेल. ते असो, त्याकडे येतेच.) हे सगळं अर्थात पडद्यावर. आत आठशे अंशांची धग आणि खोलीत मी कानाला मफलर गुंडाळून, कारण कॉम्प्युटरला उकडतं म्हणून एसी त्याच्या मर्जीने चालतो. आजवर मी डोंगराएवढा भुसा जाळला आणि एक बोट काळं झालेलं नाही. ऑफिसात याला सिम्युलेशन म्हणतात. आई भातुकली म्हणते.

आता भातुकलीत भात कधी करपत नाही, पण माझ्या भट्टीत एक अडचण रोज यायची, ती म्हणजे राख. भुशात काही क्षार असतात. ते तापले की राख वितळते, चिकट होते, तिच्या गुठळ्या बनतात आणि भट्टीचा घसा धरतो. मी कुठलाही भुसा घातला, कसाही घातला, तरी पडद्यावर थोड्या वेळाने लाल अक्षरं यायची आणि आमच्या बाई मागे येऊन उभ्या राहायच्या. बाई म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख. त्या रागावत नाहीत. नुसता चष्मा काढून पुसतात, आणि तो चष्मा पुसणं थांबेपर्यंत आम्ही सगळे गॅसवर असतो. (आमच्या ऑफिसात हा वाक्प्रचार वापरायला बंदी आहे, पण दुसरा शब्द कुणालाच सापडत नाही.)

अशा वेळी मला तुमची आठवण झाली. तुमच्या मळणीचा भुसा मागवला, तुम्ही लगोलग पोतं पाठवलंत, ते आमच्या दारात उतरलं आणि मी दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत नेलं. तिथल्या माणसांनी त्याचं पृथक्करण करून आकडे दिले, मी ते कॉम्प्युटरला भरवले, आणि मामा, भट्टी चालू लागली! चालली ती थांबेचना. गुठळी नाही, लाल अक्षरं नाहीत, राख पिठासारखी भुरभुरीत. बाईंनी आकडे पुन्हा तपासून घेतले, मग स्वतः तपासले, आणि मग हसल्या. त्या हसल्यावर आम्हाला आधी त्यांची तब्येत बरी नाही असंच वाटलं आणि एकाने पाणी आणून दिलं. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की आमच्या इमारतीमागच्या शेडमध्ये जी खरीखुरी लोखंडी भट्टी गंज खात उभी आहे, ती पाहुण्यांना बोलावून याच भुशावर पेटवायची. महिनाअखेरीला टेम्पो तुमच्याकडे येईल. कॉम्प्युटर म्हणतो तशी ती चालली तर माझी नोकरी कायम, आणि घसा धरला तर मला दुसरीकडे अर्ज करायला मोकळीक. (बाईंचे शब्द आहेत. त्या नेहमी चांगल्या बाजूने बोलतात.)

मी घरी आले ती दोन पायऱ्या एकदम चढत. आईला म्हटलं, मामांचा भुसा म्हणजे सोनं आहे, असा भुसा कुणी पाहिला नाही, काय त्या मातीत आहे देव जाणे. ती खिडकीचे गज घासत होती. मान न वळवता म्हणाली, “चालणारच. धुतला होता मी तो.”

मामा, माझ्या तोंडचं पाणी पळालं. पोतं आलं त्या दिवशी मी ऑफिसात होते. आईने गाठ पाहिली, तुमच्याच हातची आहे हे ओळखलं (ती म्हणते तुम्ही लहानपणापासून डावी गाठ मारता), पोतं उघडलं, आणि धुळीचा लोट उठल्यावर तिला राहवलं नाही. सगळा भुसा टबात भिजवला, चोळला, पाणी बदललं, पुन्हा चोळला, गच्चीवर चादरी अंथरून वाळवला, आणि संध्याकाळी परत पोत्यात भरून तुमच्यासारखीच डावी गाठ मारून ठेवली. मला सांगितलं नाही, कारण तिच्या मते ही सांगायची गोष्टच नव्हती. भुशातले ते सगळे चिकट क्षार आमच्या न्हाणीघराच्या मोरीतून केव्हाच वाहून गेले होते. लोक म्हणतात केलेल्या कामावर पाणी फिरलं. माझ्या कामावर आईने खरोखरच पाणी फिरवलं, तेही चांगलं दोनदा. मी तिला विचारलं, अगं पण भुसा कुणी धुतं का? तर म्हणाली, “दादाच्या घरचं चार लोकांत जाणार, ते कळकट कसं देऊ?”

मी तिच्या हातातला फडका घेतला आणि उरलेले गज घासून टाकले.

दुसऱ्या दिवशी बाईंना सगळं सांगून टाकलं. मी स्वतः काही धुतल्या तांदळासारखी नाही, पण धुतल्या भुशाचं श्रेय मातीला द्यावं इतकी मी कोडगीही नाही. बाईंनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा पुसला. मग त्यांनी मला विचारलं, तुझ्या आईने नेमका कसा धुतला? आणि मग म्हणाल्या की हे तर त्याहून चांगलं झालं. धुतल्याने राख सुधारते हे कॉम्प्युटरमध्ये मांड, आणि टेम्पोतला भुसाही तसाच धुतलेला हवा. मी आगीतून निघाले आणि फुफाट्यात पडले, कारण आईला कसा धुतला म्हणून विचारलं तर ती म्हणते, स्वच्छ होईपर्यंत. पाणी किती? लागेल तेवढं. चोळायचा किती? हाताला कळतं. आता 'हाताला कळतं' हे कॉम्प्युटरच्या कुठल्या रकान्यात भरू?

तरी मी म्हटलं आपण शिकलेसवरलेले आहोत, आपणच धुऊ. प्रयोगशाळेतला दुसरा थोडा भुसा घेतला, उशांच्या अभ्र्यांत भरला आणि गल्लीच्या टोकाच्या लाँड्रीत गेले. लाँड्रीवाल्याला सांगितलं, अभ्रे धुवायचे आहेत. (हे शंभर टक्के खरं होतं. आत काय आहे ते त्याने विचारलं नाही.) मशीन फिरू लागलं, आणि गाठ तुमची नसून माझी असल्यामुळे ती सुटली. गोल काचेमागे पिवळं वादळ उठलं. मग मशीनने एक उसासा टाकला आणि सगळं पाणी इस्त्रीच्या टेबलाखाली आणून सोडलं. लाँड्रीवाला भला माणूस, त्याने मशीन झाडून पुसून पुन्हा सुरू केलं. पण भुसा म्हणजे काय चीज आहे ते त्याला माहीत नव्हतं. त्यानंतर दोन दिवस आमच्या गल्लीतला प्रत्येक प्रतिष्ठित माणूस दाराच्या चौकटीला पाठ घासताना दिसत होता. बँकेचे मॅनेजर तर विजेच्या खांबाजवळ बराच वेळ उभे होते. त्यांना वाटत होतं कुणी बघत नाही. आणि एवढं करून जो भुसा हाती लागला तो जाळून पाहिला, तर राखेची कौलासारखी कडक ढेप झाली, कारण साबणातही तसलेच क्षार असतात. आईला हे सांगितलं तर ती माझ्याकडे अशी बघत राहिली की माझ्या डोक्यात काय भरलंय ते तिला कळलं असावं. (तेही न धुतलेलं.)

म्हणजे सगळं येऊन ठेपतं आईच्या हातांवर. तुमच्या गोठ्यामागे एवढा मोठा हौद आहे, गच्चीपेक्षा मोठं खळं आहे, हाताखाली माणसं आहेत. तिने नुसतं काठावर उभं राहून हुकूम सोडले तरी काम होईल. पण ती येईल तर ना! गेल्या खेपेला तिने तुमचा रेडिओ मागून उघडून साबणाच्या पाण्याने दात घासायच्या ब्रशने घासला, आणि तेव्हापासून त्यात बातम्या बुडबुड्यांसकट ऐकू येतात, हे मला माहीत आहे. तुमचा तो लाडका होता, हेही माहीत आहे. पण तुम्ही रागाच्या भरात 'पुन्हा माझ्या घरात पाऊल टाकू नकोस' म्हणालात आणि तिने ते शब्दशः घेतलं. मी तिला म्हटलं, चल ना, तर ती म्हणाली मी न बोलावता जाणार नाही. मग ती दिवसभर स्वयंपाकघरातले डबे धूत बसली. रिकामे होते, मामा. आधीच धुतलेले होते.

असो. पत्र लांबलं. मामींना नमस्कार, कुत्र्याला थोपटणं. तुमची तब्येत सांभाळा आणि गुडघ्यासाठी चढउतार टाळा.

तुमचीच,
भिंगरी

ता.क. टेम्पो येईल तेव्हा कृपा करून न धुतलेला भुसा त्यात चढवू देऊ नका. टेम्पोवाला घाई करेल, पण त्याला बसवून चहा द्या.

दुसरा ता.क. खरं काम हे आहे. तुम्ही बोलावल्याशिवाय आई येणार नाही, आई आल्याशिवाय भुसा धुतला जाणार नाही आणि भुसा धुतल्याशिवाय माझी भट्टी पेटणार नाही. तेव्हा तिला नुसतं 'ये' एवढं कळवा. भुशाचं नाव काढू नका, नाहीतर कामापुरतं बोलावलं असं वाटेल. रेडिओचं तर मुळीच काढू नका. मी रेडिओच्या बदल्यात नवा रेडिओ देईन, हवं तर पाण्यात चालणारा.

तिसरा ता.क. मी असं काही लिहिलंय हे तिला कळता कामा नये. तिला वाटतंय मी फक्त तुमच्या गुडघ्याची चौकशी करतेय. आता तिकीट घेऊन येते आणि लगेच टाकते.

चौथा ता.क. (हे अक्षर माझं, म्हणजे तुझ्या बहिणीचं.) दादा, ही तिकीट आणायला गेली आणि कागद टेबलावरच टाकून गेली. टेबल पुसताना वाचला. हिचं अर्धं खोटं आहे. डबे धुतलेले नव्हते. रेडिओ मी धुतला ते बरोबरच केलं, पण नीट वाळवला नाही, ते माझं चुकलं. तुझी फार आठवण येते. पोत्याची गाठ सोडताना रडू आलं, म्हणून तर सगळा भुसा धुऊन काढला, हाताला काहीतरी काम हवं होतं. पोस्टाने हे पोचायला वेळ लागेल, म्हणून सकाळच्या गाडीने मीच घेऊन आले आहे. तू पाऊल टाकू नको म्हणाला होतास, तर टाकलेलं नाही, कागद दाराखालून सरकवून बाहेरच उभी आहे. वाचून झालं की 'ये' म्हण. घाई नाही, सावकाश वाच. तोवर मी तुझ्या पायऱ्या धुऊन घेते.